बाटली उघडण्याआधी जरा ऐक ताई

ताई, इसेन्शियल ऑइल म्हणजे झाडाफुलांच्या अर्काची सुगंधी तेलं वापरायला नवीन आहेस तर आधी एकच लवेंडरचं घे, दहा बाटल्यांचा सेट नको, पैसे वाया जातात. आणि तेल डायरेक्ट अंगाला लावू नको हं, मी गवती चहाचं तेल तसंच मनगटावर चोळलं होतं, दोन दिवस लालभडक चट्टा अन् आग आग. ३० मिली तिळाच्या तेलात १० ते १२ थेंब, बस. लिंबाचं लावून उन्हात जाऊ नको, आपल्या जळगावच्या उन्हात तर नाहीच, कातडी भाजते. बाळाच्या नाकाजवळ निलगिरी अजिबात नाही, मांजर असेल तर टी ट्रीचं तेल घरातच आणू नको. अन् मे महिन्यात बाटल्या पत्र्याच्या खोलीत ठेवशील तर खराब होतील, फ्रिजच्या दारात ठेव. कूलरला मात्र आपला वाळाच भारी भो!