एका थराचं चुंबकत्व : वाचकांचे प्रश्न

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून तेच तेच प्रश्न येत आहेत, म्हणून एकत्र उत्तरं देते.

अणूंच्या एकाच थरात लोहचुंबकत्व असू शकतं का? (म्हापसा)

हो. क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या एका थरात ते २०१७ मध्ये दिसलं, पण ४५ केल्विनखाली, म्हणजे उणे २२८ अंश सेल्सिअसखाली.

मग १९६६ चं मर्मिन-वॅग्नर प्रमेय चुकलं का? (फोंडा)

नाही. एका थरात उष्णता चुंबकीय रांग मोडून टाकते, असं ते प्रमेय सांगतं. पण स्पिनना, म्हणजे अणूंमधल्या चिमुकल्या चुंबकांना, सगळ्या दिशा सारख्याच असतील, तरच ते लागू पडतं. इथे स्पिनना थराला काटकोनात उभं राहणंच सोपं जातं, म्हणून उष्णतेला ती रांग सहज मोडता येत नाही. हे प्रमेय अर्धंच सांगितलं जातं.

दोन थर घेतले तर चुंबकत्व दुप्पट? (मडगाव)

या पदार्थात उलट. दोन थर एकमेकांच्या विरुद्ध वळतात आणि बेरीज शून्य होते.

स्फटिकावरून टेपने सोललेल्या थराचा व्हीएसएमवर (नमुना कंपित करून चुंबकत्व मोजणारं यंत्र) खोलीच्या तापमानालाच हिस्टेरिसिस लूप (लोहचुंबकाची खूण असलेला बंद आलेख) मिळाला. सीनियर म्हणतो, लगेच पेपर पाठव. (ताळगाव)

पाठवू नका. हिशेब करा. दहा मायक्रॉन लांब-रुंद अशा एका थराचं एकूण चुंबकत्व व्हीएसएमला जेमतेम दिसणाऱ्या चुंबकत्वाच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. मग यंत्राने पाहिलं काय? चिमट्यावरून सुटलेला पोलादाचा कण, सबस्ट्रेटच्या (थर ज्यावर ठेवतात त्या चकतीच्या) कडेची घाण किंवा आपल्याकडची लाल धूळ. डिचोली-साखळीच्या बाजूने येणाऱ्यांच्या कपड्यांवरही ती असते. तिच्यातलं हेमॅटाइट हे लोहखनिज खोलीच्या तापमानालाही क्षीण चुंबक असतं. माझ्याच एका नमुन्याने असं फसवलं होतं. तीन महिने वाया गेले. चिमटा प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा घ्या. तीच टेप, तोच चिमटा वापरून कोरा सबस्ट्रेट मोजा. तापमान वाढवताना लूप कुठे मिटतो ते पाहा. ४५ केल्विनचा पदार्थ ३०० केल्विनला, म्हणजे खोलीच्या तापमानाला, लूप देत असेल, तर तो लूप त्याचा नव्हे. एका थरासाठी परावर्तित प्रकाशाचं ध्रुवण किती वळतं ते मोजणारी केर पद्धत वापरा. "अमक्याला मिळालं होतं" हा पुरावा नाही. आधी गाईडला आणि यंत्र चालवणाऱ्याला कच्चा डेटा दाखवा.

चवथीआधी सोललेले थर सुट्टीनंतर मोजले तर चालेल? (कुडचडे)

नाही. हा पदार्थ उघड्या हवेत काही मिनिटांत खराब होतो, उजेडात आणखी लवकर. आपला पावसाळा तर त्याचा वैरीच. ग्लोव्ह बॉक्समध्येच (बाहेरची हवा आत न येणाऱ्या बंद पेटीत) सोला, दोन्ही बाजूंनी बोरॉन नायट्राइडने झाका आणि त्याच आठवड्यात मोजा. यंत्राची वेळ मिळणार नसेल, तर सोलूच नका.

'ग्राफीन चुंबकीय पट्टा' गुडघेदुखीवर घ्यावा का? (पेडणे)

घेऊ नका. शुद्ध ग्राफीन लोहचुंबक नाहीच. ओढ जाणवत असेल, तर आत साधं चुंबक शिवलेलं आहे. गुडघा डॉक्टरांना दाखवा. पेसमेकर असेल, तर असा पट्टा छातीजवळ नेण्याआधी हृदयतज्ज्ञांना विचारा.