वाचकांचे प्रश्न : खड्ड्यांचे आठ किलोमीटर आणि घरातली दुसरी गाडी

प्रश्न : मी कराडला राहते आणि पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. जायला ३४ किलोमीटर पडतात. त्यांतले पहिले २६ किलोमीटर बरे डांबरी आहेत. शेवटच्या ८ किलोमीटरमध्ये उखडलेली खडी, दोन फरशी पूल आणि शाळेजवळची पाणंद आहे. घरात २०१६ ची बोलेरो आहे, पण ती शेतीच्या कामाला यजमानांना लागते. चार लाखांपर्यंत दुसरी, कमी इंधन खाणारी गाडी घ्यायची आहे. एक २०१५ ची डिझेलवरची छोटी एसयूव्ही आणि एक २०१९ ची पेट्रोल वॅगन आर पाहून ठेवली आहे. यजमान म्हणतात, इलेक्ट्रिक स्कूटर घे. वाटेत एकाच ठिकाणी सीएनजी मिळतो, पण तिथे अर्धा तास रांगेत मोडतो. आपण काय सुचवाल?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : वॅगन आर घ्यावी, असे माझे मत आहे, मात्र मेस्त्रीने ती खालून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

तुमच्या पत्रातले किलोमीटरचे आकडे नीट वाचले, तर निम्मा निर्णय तिथेच होतो. रोजच्या ६८ किलोमीटरांपैकी ५२ किलोमीटर चांगल्या रस्त्याचे आहेत आणि वाईट रस्ता फक्त १६ किलोमीटरांचा आहे. खराब रस्त्याची धास्ती घेऊन माणसे उंच, जड गाडी घेतात आणि त्या उंचीचे व वजनाचे इंधन चांगल्या रस्त्यावरही रोज जाळत राहतात. घरात बोलेरो नसती तर मीही वेगळा विचार केला असता. ती आहे, म्हणून दुसऱ्या गाडीने तिच्यासारखे असण्याची गरज नाही. फरशी पुलावरून पाणी वाहण्याचा संभव असेल, अशा पावसाळ्यातल्या मोजक्या दिवशी यजमानांशी गाडीची अदलाबदल करावी. अर्थात पुलावरून पाणी वाहत असताना बोलेरोही घालू नये, कारण पाण्याखाली फरशीची कड कुठे संपते ते कोणालाच दिसत नाही.

आता हिशेब. महिन्याला २३ दिवस धरले तर १,५६४ किलोमीटर होतात. जाहिरातीत छापलेला ॲव्हरेज प्रयोगशाळेत गाडी रोलरवर, वेगाच्या ठरवून दिलेल्या चढउतारांनुसार चालवून काढलेला असतो. तिथे खडी नसते, गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या नसतात आणि दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणेही नसते. २०१९ च्या एक लिटर इंजिनाच्या वॅगन आरसाठी कंपनीचा आकडा लिटरला २२.५ किलोमीटर होता; तुमच्या रस्त्यावर १८ धरा. पेट्रोल १०५ रुपये धरल्यास महिन्याचा खर्च सुमारे ९,१०० रुपये येतो. डिझेल एसयूव्हीला १५ चा ॲव्हरेज आणि ९१ रुपये भाव धरला तर ९,५०० रुपये येतात, म्हणजे डिझेल स्वस्त असूनही काहीच वाचत नाही. शिवाय दहा वर्षे चाललेल्या डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा टर्बो कुरकुरू लागले, की एका दुरुस्तीत मोठी रक्कम जाते. आणखी एक बाब विसरली जाते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर आरटीओत फेरतपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २०१५ च्या गाडीला ही पाळी २०३० मध्येच येईल, २०१९ च्या गाडीला २०३४ मध्ये.

‘पण वॅगन आर खाली लागेल’ हा आक्षेप घरातून येणारच. तिची जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर आहे आणि बोलेरोची १८०; फरक दीड सेंटिमीटरचा. हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. मागे तीन सहकारी शिक्षक बसले की कोणतीही गाडी याहून जास्त दबते, त्यामुळे शेवटच्या पाणंदीत माणसे उतरवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. माझ्या अनुभवात गाडी खड्ड्याने कमी आणि चाकोरीने जास्त मरते. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा गवताने झाकला जातो आणि त्या गवतात दगड असतो. अशाच एका दगडाने माझ्या पहिल्या गाडीचे ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, फोडले होते. लाल दिवा लागलेला दिसूनही गाव दोनच किलोमीटरवर आहे म्हणून मी गाडी तशीच हाकली, आणि इंजिन जाम झाले. चेंबरपुरता खर्च झाला असता तिथे अख्खे इंजिन उतरवावे लागले. तेव्हा एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेला ठेवून चालवण्याची सवय करावी आणि इंजिनाखाली पोलादी पत्रा बसवून घ्यावा.

उंचीपेक्षा मी टायरकडे आधी पाहतो. टायरच्या बाजूला १५५/८० आर १३ असे छापलेले असते. पहिला आकडा रुंदीचा, १५५ मिलिमीटर. दुसरा त्या रुंदीशी बाजूच्या रबराच्या उंचीचे प्रमाण सांगतो, म्हणजे ८० टक्के, १२४ मिलिमीटर. आणि १३ इंच ही रिम. २०१९ च्या एक लिटर वॅगन आरला हाच टायर येतो. हल्ली देखण्या गाड्यांना २०५/५० आर १७ सारखे टायर दिसतात. त्यांत रबराची उंची केवळ १०२ मिलिमीटर भरते, आणि खड्ड्याच्या कडेचा फटका रबराने सोसायचा तो रिम सोसते. १३ इंची टायर तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो, स्वस्तात मिळतो. शोरूममध्ये मात्र याची कोणी प्रौढी सांगत नाही.

सीएनजीचा हिशेब मोहात पाडणारा आहे. किलोला २५ किलोमीटर आणि ९० रुपये भाव धरला तर महिन्याचे सुमारे ५,६०० रुपये होतात, म्हणजे साडेतीन हजारांची बचत. परंतु सीएनजीच्या टाकीत साधारण आठ किलो गॅस मावतो, त्यामुळे महिन्यातून आठ वेळा तरी भरावा लागेल, आणि दर वेळी अर्धा तास धरला तर चार तास रांगेत जातील. शिवाय सिलिंडरचा जवळपास एका माणसाएवढा भार मागच्या चाकांवर कायम राहतो आणि तुमच्या रस्त्यावर तोच नको आहे. रांग कमी झाली तर कंपनीनेच सीएनजी बसवलेली गाडी पाहावी; तिच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, ते प्रमाणपत्रावर तपासावे. बाहेरून किट बसवलेली गाडी मी सुचवणार नाही.

स्कूटरबद्दल यजमानांचा पैशांचा हिशेब बरोबर आहे, रस्त्याचा नाही. स्कूटरची चाके १० ते १२ इंची असतात. ज्या खड्ड्यावरून मोटारसायकलचे १८ इंची चाक निघून जाते, त्यात ते उतरते आणि अडकते. तुमची शाळा आहे त्याच पाटण तालुक्यात कोयनानगरला बहुतेक वर्षी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रोज ६८ किलोमीटर, तेही जुलैत, स्कूटरवर जाऊ नये.

खरेदीपूर्वी गाडी रॅम्पवर चढवून पाहावी. चेंबरवर पोचे किंवा वेल्डिंग दिसले, तर आधीचा मालकही तुमच्यासारख्याच रस्त्याने जात होता हे उघड आहे. नंतर काचा वर करून, टेप बंद ठेवून, खडीवरून दहा-पंधराच्या वेगाने न्यावी. पुढून ‘टक् टक्’ आवाज आला तर लिंक रॉड किंवा बुश (चाकाजवळचे सांधे आणि त्यांतली रबरे) गेलेले असतात. हे काम किरकोळ आहे, पण भाव पाडून घेण्यास उपयोगी. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर त्याचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचा ना हरकत दाखला हे व्यवहाराच्या दिवशीच घ्यावे. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे कार आहे. बँकेतील नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन २४ किलोमीटर जांभ्या दगडाच्या कच्च्या रस्त्याने जावे लागते. सीएनजी मोटारसायकल घ्यावी की साधी?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : साधी घ्यावी. तुमचे महिन्याचे चालणे ६०० किलोमीटरच्या आत आहे; लिटरला ६० धरले तर दहा लिटर, म्हणजे हजार-अकराशे रुपये. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सादर झालेल्या बजाज फ्रीडम १२५ मध्ये दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल मावते. कल्पना उत्तम आहे, आणि रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला ती गाडी शोभेल. तुमची बचत महिन्याला चारपाचशे रुपयांची, आणि त्यासाठी स्प्लेंडरहून सुमारे ३५ किलो जड गाडी ओल्या जांभ्यावर सावरायची. दोन्ही चाके १८ इंची असलेली शंभर सीसीची गाडी घ्या आणि चिखलाच्या दिवसांत साखळी दर आठवड्याला धुऊन तेल द्या.

प्रश्न : गाडी उंच करण्यासाठी मोठे टायर आणि स्प्रिंगखाली रबरी ठोकळे बसवावेत का?
— एक वाचक, अकोले

उत्तर : नाही. ठोकळ्यांनी स्प्रिंगचे काम बिघडते आणि गाडी वळणावर झुकते. टायरचा घेर वाढला की काटा कमी वेग आणि कमी किलोमीटर दाखवतो, म्हणजे ॲव्हरेज पडल्याची तक्रार घेऊन तुम्ही गॅरेजच्या फेऱ्या मारत बसाल. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीला दिलेला टायर चालतो. त्यापलीकडे जाऊ नये. शॉकॲब्सॉर्बर जुने झाले असतील तर ते आधी बदला, कारण खाली लागण्याच्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.