रणगाडा ‘पारंपरिक’ कसा?

एका वाचकाचा प्रश्न असा: ‘दोन देशांच्या सैन्यांची तुलना करताना “पारंपरिक सैन्यशक्ती” असं लिहिलेलं सारखं दिसतं. पारंपरिक म्हटलं की नऊवारी, नथ आणि फेटा आठवतो. संगणकावर नेम धरणारा रणगाडा पारंपरिक कसा? त्याऐवजी “रूढ” चालेल का? आणि शक्ती, बळ, सामर्थ्य, ताकद यांतलं नेमकं काय घ्यावं?’

पहिल्या भागाचं उत्तर शब्दकोशापेक्षा संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत लवकर सापडतं. सुरक्षा परिषदेने १९४७ साली ‘कन्व्हेन्शनल’ (म्हणजे आपण ज्याला ‘पारंपरिक’ म्हणतो त्या) शस्त्रांसाठी एक आयोग नेमला. अणुऊर्जेचा आयोग आदल्याच वर्षी झाला होता, तेव्हा दोघांच्या हद्दी आखणं भाग होतं. ऑगस्ट १९४८ मध्ये महासंहारक शस्त्रं कोणती ते ठरलं: अणुस्फोटक, किरणोत्सर्गी, प्राणघातक रासायनिक आणि जैविक, शिवाय पुढे कधी तेवढाच संहार करणारं काही निघालं तर तेही. ही वजा जाता उरेल ते सगळं कन्व्हेन्शनल. म्हणजे हे विशेषण वजाबाकीचं उत्तर आहे, जुनं-नव्याशी त्याचा संबंध नाही. काल बनलेला ड्रोन आणि गुरख्याची खुकरी दोन्ही त्यात बसतात.

म्हणून ‘पारंपरिक’ हे भाषांतर कच्चंच. ‘रूढ’ अर्थाने जवळचं आहे, पण ‘रूढ शस्त्रे’ वाचून कुणाला काही बोध होत नाही, आणि ‘पारंपरिक’ आता रुळलं आहे. ऊर्जेच्या बाबतीत तर आपण कोळशाच्या वीजकेंद्राला ‘पारंपरिक’ आणि पवनचक्कीला ‘अपारंपरिक’ म्हणतो, ते कुणाला खटकत नाही! ‘अण्वस्त्रेतर’ नेमका वाटतो, पण रासायनिक तोफगोळाही अण्वस्त्रेतरच असतो आणि तो इथे धरायचा नसतो. तरी रोजच्या बातमीत ‘अण्वस्त्रे वगळून’ एवढं कंसात टाकलं की काम भागतं. ‘सांकेतिक’ नको, तो गुप्त लिपीसाठी लागतो. ‘सामरिक’ त्याहून नको. समर म्हणजे युद्ध हे खरं, पण हा शब्द ‘स्ट्रॅटेजिक’ला चिकटला आहे, आणि आपली २००३ साली उभी राहिलेली स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड अण्वस्त्रंच सांभाळते. ‘सामरिक सामर्थ्याची तुलना’ असा मथळा दिला तर जाणता वाचक नेमकी तीच शोधू लागेल.

जाता जाता: शब्द ‘पारंपरिक’ आहे, ‘पारंपारिक’ नव्हे. ‘इक’ प्रत्यय लागताना पहिल्या स्वराची वृद्धी होते. मधल्या ‘प’ला कुणी हात लावत नाही.

आता बळ. ‘संख्याबळ’ म्हणजे नुसती डोकी. ‘सामर्थ्य’ म्हणजे काय करून दाखवता येईल ते, आणि ते तक्त्यात मावत नाही. ‘ताकद’ बोलण्यात ठीक. पण तुलनेसाठी आपल्याकडे एक तयार शब्द पडून आहे: बलाबल. बल अधिक अबल, म्हणजे जोर कुठे आणि उणं कुठे, दोन्ही एकाच शब्दात. निवडणुकीच्या निकालानंतर ‘पक्षीय बलाबल’ आपण छापतोच. शब्द मुळात युद्धाच्या हिशेबातलाही आहे: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवव्या अधिकरणाच्या आरंभीच शक्ती, देश आणि काळ यांचं बलाबल जाणण्याचा विषय येतो. तिथे शक्ती तीन आहेत: मंत्रशक्ती, प्रभुशक्ती आणि उत्साहशक्ती. खजिना आणि सैन्य हे प्रभुशक्तीत येतात, आणि कौटिल्य तिच्यापेक्षा मंत्रशक्तीला वरचढ मानतो. आजचे तक्ते मोजतात ती फक्त प्रभुशक्ती. म्हणून त्यांना ‘सैन्यशक्ती’ म्हणणं जरा जास्तीचंच होतं. ‘लष्करी बलाबल’ पुरे.

खरी पंचाईत मथळ्याच्या खाली, रकान्यांत होते. ‘रणगाडे’ हाच रकाना घ्या. युरोपातल्या कन्व्हेन्शनल सैन्यांवर मर्यादा घालणारा करार १९ नोव्हेंबर १९९० रोजी पॅरिसमध्ये झाला. त्यात नाटो आणि वॉर्सा करार या दोन्ही गटांना प्रत्येकी २०,००० रणगाड्यांची मर्यादा होती. मर्यादा घालायची तर आधी रणगाडा कशाला म्हणायचं ते ठरवावं लागलं: रिकामं वजन किमान १६.५ टन, आणि ३६० अंशांत फिरणारी किमान ७५ मिलिमीटरची तोफ. रशिया २०२३ साली करारातून बाहेर पडला, पण देश आपापल्या शस्त्रांची आयात-निर्यात कळवतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र-नोंदवहीतही १६.५ टन आणि ७५ मिलिमीटर हेच आकडे आहेत.

आता बीएमपी-२ ही सैन्याची गाडी पाहा. पोलादी पट्ट्यांवर चालते, वर फिरता बुरूज, त्यातून पुढे आलेली नळी. छायाचित्राखाली बिनदिक्कत ‘रणगाडा’ छापून येतं. पण वजन साधारण १४ टन आणि तोफ ३० मिलिमीटरची, म्हणजे दोन्ही अटींत नापास. तिचं मुख्य काम पायदळाचे जवान पोटात घेऊन रणगाड्यांबरोबर धावणं. तिला ‘चिलखती लढाऊ वाहन’ म्हणावं. अहिल्यानगरला चिलखती दलाचं, म्हणजे रणगाडेवाल्यांचं, केंद्र वेगळं आहे आणि यांत्रिक पायदळाचं वेगळं; बीएमपी दुसऱ्याकडची. ही गल्लत तक्त्यात शिरली की रणगाड्यांचा आकडा एका फटक्यात फुगतो.

उलट दिशेनेही फसगत होते. जुना टी-५५, ३६ टनांचा, १०० मिलिमीटर तोफेचा, व्याख्येत बसतो. १२० मिलिमीटर तोफेचा आणि रात्री उष्णतेवरून लक्ष्य टिपणारा आधुनिक लेपर्ड-२ सुद्धा बसतो. तक्त्यात दोघंही ‘एक’.

तोफांचं तेच. युरोपीय करारात १०० मिलिमीटर आणि त्यावरच्या तोफा धरतात. नोंदवहीतही आधी हीच सीमा होती, ती २००३ मध्ये ७५ वर आणली. त्यामुळे ८१ मिलिमीटरची उखळी तोफ एका हिशेबात आत, दुसऱ्यात बाहेर. ‘१५५ मिमी, ५२ कॅलिबर’ हे वाचून तोफेला दोन तोंडं आहेत असं समजू नये. पहिला आकडा नळीच्या भोकाचा व्यास. दुसरा नळीची लांबी, त्या व्यासाच्या पटीत. ५२ गुणिले १५५ म्हणजे ८ मीटरच्या थोडं वर. बोफोर्सची नळी ३९ कॅलिबरची, धनुषची ४५.

‘लष्कर’ हा शब्द सर्वांत जास्त घात करतो. मराठीत तो कधी तिन्ही दलांसाठी येतो, कधी फक्त भूदलासाठी. चीनची ‘जनमुक्ती सेना’ म्हणजे भूदल, नौदल, हवाई दल, क्षेपणास्त्र दल सगळं मिळून. आकडा सुमारे २० लाख. भारतीय लष्कराचा आकडा म्हणून सुमारे १२ लाख छापतात, तो नुसत्या भूदलाचा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चीन दीडपटीहून मोठा दिसतो. भूदलाला भूदल लावलं तर चीनचं संख्याबळ दहा लाखांच्या आत, म्हणजे आपल्याहून कमी. त्यावरून कोण भारी ते ठरत नाही, पण निदान चुकीचा निष्कर्ष तरी निघत नाही. लिहिताना सरळ ‘भूदल’ किंवा ‘तिन्ही दले’ लिहावं.

‘राखीव’ही जपून वापरावा. केंद्रीय राखीव पोलीस दल आणि राज्य राखीव पोलीस दल ही बारमाही कामावर असलेली पोलीस दलं आहेत. सैन्यातला राखीव म्हणजे नोकरी संपवून घरी गेलेला, पण बोलावणं आलं की हजर व्हायचं बंधन असलेला. इस्रायलने ऑक्टोबर २०२३ मध्ये असे तीन लाखांहून जास्त बोलावले. त्याचं खडं सैन्य यापेक्षा पुष्कळ लहान आहे. अशा देशाचं नुसतं खडं सैन्य छापलं तर तक्ता खोटा पडतो.

तुकड्यांची नावं तर तुलनेला घेऊच नयेत. अक्षौहिणी बरी होती: २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ, सगळ्यांसाठी एकच माप. ‘स्क्वाड्रन’ला असं माप नाही. भारतीय हवाई दलात लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये १६ ते १८ विमानं असतात. भूदलात रणगाड्यांच्या स्क्वाड्रनमध्ये १४ रणगाडे, अशा तीन स्क्वाड्रन आणि मुख्यालयाचे तीन मिळून ४५ ची एक रेजिमेंट. मराठा लाइट इन्फंट्री हीसुद्धा रेजिमेंटच, पण तिच्यात अनेक पलटणी.

आणि लष्कराच्या भाकऱ्या खरोखरच भाजणारे कुठे धरायचे? जुन्या मराठीत त्यांना ‘बुणगे’ म्हणत. पानिपतावरच्या फौजेचे आकडे इतके वेगवेगळे सापडतात त्याला बुणगे धरले की वगळले हेही एक कारण. आज रसद आणि दुरुस्तीवाले गणवेशात असतात, म्हणून खड्या सैन्यातच मोजले जातात. तेच काम एखाद्या देशाने ठेकेदाराला दिलं तर ती माणसं आकड्यातून गायब होतात.

तेव्हा मथळा असा करावा: ‘भारत आणि चीन: लष्करी बलाबल (अण्वस्त्रे वगळून)’. खाली भूदल, नौदल, हवाई दल वेगळे, राखीव सैनिक वेगळे, सीमा सुरक्षा दलासारखी दलं वेगळ्या ओळीत, आणि ‘तोफा’ लिहिलं की शेजारी ‘१०० मिमी व त्यावरील’ किंवा ‘७५ मिमी व त्यावरील’, जे असेल ते.