वाचकांचे प्रश्न: दोन टर्नटेबल, एक मिक्सर आणि रेकॉर्डचं वेड

या वेळी बहुतेक पत्रं डीजे आणि विनाईल, म्हणजे प्लास्टिकच्या रेकॉर्डबद्दलच आली, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकाला ठेवलेत.

प्रश्न: डीजे दुसऱ्यांची गाणी लावतो, मग त्याला कलाकार का म्हणायचं? आणि हे सगळं सुरू कुठे झालं?

कलाकार का याचं उत्तर सुरुवातीतच आहे, म्हणून तिथूनच सांगतो. रेडिओवर रेकॉर्ड लावणारे लोक फार आधीपासून होते, पण आज आपण ज्याला डीजेइंग म्हणतो त्याची एक मोठी मुळी जमैकात आहे. 1950 च्या दशकात किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिमचा जमाना होता, म्हणजे कपाटाएवढे स्पीकर, अँप्लिफायर आणि रेकॉर्डचा साठा घेऊन मोकळ्या जागेत नाच ठेवायचा. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड या दोन साउंड सिस्टिमवाल्यांची टक्कर तर अशी होती की चांगली रेकॉर्ड हाती लागली की तिच्यावरचं लेबल खरवडून टाकायचे, समोरच्याला गाण्याचं नावच कळू नये म्हणून. कुठली रेकॉर्ड, कुठल्या क्षणी, हे ठरवणं तेव्हापासूनच कौशल्याचं काम होतं.

त्याच किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल 1967 ला घरच्यांसोबत न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आला आणि पुढे डीजे कूल हर्क झाला. 11 ऑगस्ट 1973 ला त्याच्या बहिणीने, सिंडीने, शाळेसाठी नवीन कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, तिकीट मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट, आणि रेकॉर्ड लावायला भाऊ. हर्कचं लक्ष कायम नाचणाऱ्यांवर असायचं आणि त्याला दिसायचं की गाण्यात गायक गप्प होतो, नुसते ड्रम आणि बेस उरतात, तिथेच लोक खरे पेटतात. पण तो तुकडा काही सेकंदांत संपायचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरवर, ठेवल्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोपर्यंत पहिली मागे नेऊन ठेवायची, असं करत तो तुकडा हवा तेवढा लांबवला. याला तो मेरी-गो-राउंड म्हणायचा. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात आणि त्यावर नाचणारी मुलं झाली बी-बॉय. हिपहॉप वाढलं ते अशाच पार्ट्यांतून.

आता बघा, मूळ रेकॉर्डमध्ये नसलेलं संगीत इथे दोन हातांनी तयार झालं. माझ्या मते कलाकार का या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

हर्क सुई अंदाजाने टाकायचा, त्यामुळे ताल थोडा हुकायचा. ब्राँक्सचाच दुसरा डीजे, ग्रँडमास्टर फ्लॅश, याने त्यात शिस्त आणली. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता, त्यामुळे पुढची रेकॉर्ड आधी फक्त हेडफोनमध्ये ऐकता येईल अशी सोय त्याने केली, ब्रेक कुठे आहे ते कळावं म्हणून रेकॉर्डवरच खूण केली आणि किती फेऱ्या मागे घ्यायच्या ते मोजायला लागला. आई शिवणकाम करायची, तर फेल्टचं कापड घेऊन त्याला स्टार्च मारून इस्त्रीने कडक केलं आणि रेकॉर्डखाली घातलं, म्हणजे रेकॉर्ड हाताने धरली तरी खालची तबकडी फिरत राहते. तीच आजची स्लिपमॅट! मग त्याच गोतावळ्यातला ग्रँड विझर्ड थिओडोर, तेव्हा अगदी पोरगा, घरी सराव करताना आई ओरडायला आली म्हणून त्याने रेकॉर्ड हाताने धरून ठेवली, हात पुढेमागे होत राहिला आणि हेडफोनमधला तो आवाज त्याला आवडला. त्यातून स्क्रॅच आला.

प्रश्न: म्हणजे डीजेइंग हिपहॉपमधूनच आलं का? डिस्कोचं काय?

नाही, डिस्कोवाले समांतर चालले होते आणि काही बाबतीत आधीच पोचले होते. फ्रान्सिस ग्रासो मॅनहॅटनमधल्या सँक्च्युअरी नावाच्या क्लबमध्ये, जी इमारत आधी चर्च होती, 1970 च्या सुमारास दोन गाण्यांचे ताल जुळवून एकातून दुसऱ्यात जायचा, नाचणाऱ्याला सांधा कळूच नये असं. डेव्हिड मँक्युसोने 1970 ला आपल्याच घरात द लॉफ्टच्या पार्ट्या सुरू केल्या, तिथे भर होता उत्तम साउंडवर आणि रात्रभराच्या प्रवासावर.

आणि 12 इंची सिंगल, म्हणजे अख्ख्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूला एकच गाणं, हीपण डिस्कोचीच देणगी. डिस्को गाण्यांचे मिक्स करणारा टॉम मोल्टन स्टुडिओत गाणं तबकडीवर कोरून घ्यायला गेला तेव्हा छोट्या कोऱ्या तबकड्या संपलेल्या, म्हणून 10 इंचीवर कोरलं. मोठ्या तबकडीवर सुई ज्यांतून फिरते त्या खाचा ऐसपैस पसरवता आल्या आणि आवाज एकदम मोठा आणि भरदार निघाला, त्यावरून पुढे 12 इंची आली.

प्रश्न: स्क्रॅच केल्याने रेकॉर्ड खराब होत नाही का?

होते, थोडी थोडी. एकाच जागी सुई पुढेमागे फिरत राहिली की तिथली खाच झिजते आणि एक खरखरणारा आवाज कायमचा राहतो. म्हणून डीजे स्क्रॅचसाठी वेगळ्या, फक्त आवाजांचे तुकडे असलेल्या रेकॉर्ड वापरतात आणि सुईपण अशी घेतात जी उडी मारत नाही. जपायची रेकॉर्ड असेल तर स्क्रॅचचा विचारही करू नका, प्लीज.

प्रश्न: विनाईलचा आवाज डिजिटलपेक्षा खरंच चांगला असतो का? मित्रांमध्ये यावरून भांडणं होतात.

मला विनाईल मनापासून आवडतं, पण मोजमापात ते जिंकत नाही. सीडीची डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातला फरक, साधारण 96 डेसिबल, विनाईलची चांगल्यात चांगली 70 च्या आसपास. खाचेत कमी फ्रिक्वेन्सीच्या हालचाली मोठ्या असतात, त्या तशाच कोरल्या तर जागा पुरणार नाही आणि सुई उडेल, म्हणून कोरताना बेस कमी आणि वरचे स्वर जास्त करतात, आणि वाजवताना फोनो अँप्लिफायर त्याचं बरोबर उलट करतो. शिवाय रेकॉर्ड एकाच गतीने फिरते पण कडेजवळ एका फेरीत लांब अंतर जातं आणि मध्याजवळ कमी, म्हणजे 33 आरपीएमच्या (मिनिटाला 33 फेऱ्या) 12 इंचीवर कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच जाते आणि शेवटी जेमतेम 20. त्यामुळे शेवटच्या गाण्यात बारकावे पुसट होतात, तो दोष कुणाच्या प्लेयरचा नसतो.

मग आवडतं का? एक तर विनाईलसाठी अनेकदा वेगळं मास्टरिंग, म्हणजे आवाजाची शेवटची जुळवणी, होतं, आवाज कमाल पातळीला दाबून भरलेला नसतो, त्याचा फरक कान ओळखतो. दुसरं, एका बाजूला 20-22 मिनिटं, मग उठून उलटायची, त्यामुळे माणूस बसून ऐकतो, गाणी पुढे ढकलत नाही. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे आवाज तिथे खरोखर कोरलेला आहे. स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेच्या दोन भिंतींपैकी एकीत डावा चॅनल आणि दुसरीत उजवा. उजेडात तिरकी धरली तर शांत भाग कुठे आणि दणका कुठे ते डोळ्यांना दिसतं, ब्रेक शोधताना डीजे हेच बघतात. फाइलमध्येही तेच गाणं असतं पण तिला असा हात लावता येत नाही. डीजेइंग रेकॉर्डवरच का जन्मलं, कॅसेटवर का नाही, याचं कारणही मला हेच वाटतं.

फक्त जुन्या लोकांच्या आठवणींवर हे चाललंय असंही नाही. अमेरिकेत 2022 ला सीडींपेक्षा विनाईल अल्बम जास्त विकले गेले, 1987 नंतर पहिल्यांदा.

प्रश्न: लॅपटॉपवर सगळं होतं, मग डीजे अजून टर्नटेबल का ठेवतात?

काही जण खऱ्या रेकॉर्डवरच वाजवतात, पण बरेच जण टाइमकोड विनाईल वापरतात. त्या रेकॉर्डवर गाणं नसतं, एक सिग्नल असतो, त्यावरून सॉफ्टवेअरला कळतं की तुम्ही कुठे आहात, किती वेगाने आणि कुठल्या दिशेने फिरवताय, आणि लॅपटॉपमधली फाइल तशी वाजते. सेरॅटो कंपनीचं स्क्रॅच लाइव्ह हे असं सॉफ्टवेअर 2004 ला आलं तेव्हापासून हे सगळीकडे झालं. म्हणजे गाणी हजारो, पण हाताखालची हालचाल जुनीच.

प्रश्न: घरात आजोबांचा जुना प्लेयर आहे, त्यावर डीजेइंग शिकू का?

त्यावर नको. जुने घरगुती प्लेयर बहुतेक बेल्टवर किंवा रबरी चाकावर चालतात, हात लावला की तबकडी दबते आणि परत वेग घ्यायला वेळ लावते. डीजेला डायरेक्ट ड्राइव्ह लागतो, ज्यात मोटर थेट तबकडीखाली असते. टेक्निक्सचा एसएल-1200 1972 ला आला तो घरी ऐकायला म्हणून, डीजेंनी तो उचलला, आणि 1979 च्या एमके2 मध्ये वेग 8 टक्के कमीजास्त करायचा सरकता पिच कंट्रोल आला. 2010 ला कंपनीने बनवणं थांबवलं आणि 2016 ला परत सुरू केलं.

आजोबांच्या रेकॉर्ड 78 आरपीएमच्या असतील तर त्यांची खाच रुंद असते, त्यांना वेगळी सुई लागते, आणि त्या बहुधा शेलॅकच्या, पडल्या की फुटल्या.

शिकायची सुरुवात स्क्रॅचने करू नका, बीटमॅचिंगने, म्हणजे दोन गाण्यांचे ताल जुळवण्याने करा. जवळपास सारख्या वेगाची दोन गाणी घ्या, एक स्पीकरवर, दुसरं हेडफोनच्या एका कानात, आणि दुसरं पुढे पळतंय की मागे पडतंय ते ओळखून पिच सरकवत राहा. स्क्रीनवरचे बीपीएमचे (मिनिटाला किती ठोके त्याचे) आकडे सुरुवातीला झाकूनच ठेवा.