विचारा तर खरं : जूल थीफ आणि एकशे साठ टक्के

प्रश्न : सर, मी बारावीत आहे. जळक्या सीएफएलमधली फेराइट रिंग, एक बीसी ३३७ ट्रान्झिस्टर आणि १ किलोओहमचा रेझिस्टर घेऊन जूल थीफ केला, म्हणजे उतरलेल्या सेलवरही एलईडी पेटवणारं छोटं सर्किट. संपत आलेल्या पेन्सिल सेलवर पांढरा एलईडी झकास लागतो. सेलकडून १.२ व्होल्टला ७० मिलिअँपिअर, म्हणजे ८४ मिलिवॉट जातात. एलईडीतून १५ मिलिअँपिअर, आणि एलईडी काढून तिथे एसीवर मीटर लावला तर ९ व्होल्ट. म्हणजे १३५ मिलिवॉट, एकशे साठ टक्के! मित्र म्हणतात, ही फुकटची वीज. खरं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : गोम 'एलईडी काढून' इथेच आहे. करंट मोजलास एलईडी असताना, व्होल्टेज तो नसताना. गर्दी दिवाळीतल्या एसटीची मोजायची आणि वेग रिकाम्या गाडीचा धरायचा, त्यातला प्रकार.

ट्रान्झिस्टर बंद होताच रिंगवरच्या कॉइलमधला करंट वाट शोधतो. एलईडी नसेल तर व्होल्टेज उसळतं. तेही तुझ्या मीटरला धड कळत नाही. स्वस्त मल्टिमीटरचा एसी रेंज घरच्या विजेसारख्या साइन लहरीसाठी असतो. तुझं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतंय. एलईडी जोडला की तो व्होल्टेज तीनच्या आसपास दाबून धरतो. ३.१ गुणिले १५, साधारण ४६ मिलिवॉट. म्हणजे पंचावन्न टक्के. हाताने गुंडाळलेल्या रिंगला हे मुळीच वाईट नाही!

नीट मोजायचं तर एलईडीच्या जागी १एन५८१९ शॉटकी डायोड, पुढे १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर २२० ओहमचा रेझिस्टर लाव. आता मीटर डीसीवर ठेव. व्होल्टेजचा वर्ग भागिले २२०, झाली आउटपुट पॉवर. घरात १एन४००७ हा साधा डायोड पडलेला असेलच, पण तो वापरू नकोस. तो ५० हर्ट्झच्या कामाचा. इथे मंद पडतो, शिवाय पाऊण व्होल्ट खातो.

सेलच्या बाजूला १ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाक, त्याच्यापुढे सर्किटच्या अंगाला, सर्किटला समांतर १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. त्या १ ओहमवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. इनपुटचं व्होल्टेज या मोठ्या कपॅसिटरवरच मोज. सेल उतरत जातो, म्हणून दोन्हीकडचे आकडे एकाच वेळी टिपून घे.

आणि चालू सर्किटमधला २२० ओहम काढू नकोस. कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढत जातं आणि तो १६ व्होल्टचा असला तर फुटूही शकतो.