"माझ्या रक्तामुळेच बाळाला कावीळ झाली का?"

बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली. हातात बाळाचा रिपोर्ट. त्यातल्या रक्तगटाच्या ओळीवरून अंगठा फिरवत ती एकच विचारत होती, "मॅडम, माझ्याच रक्तानं त्याला त्रास दिला ना?" ती ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह. जन्मानंतर २४ तासांच्या आतच बाळ पिवळं दिसू लागलं, म्हणून त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. त्यात घरच्यांनी सांगितलेलं, "अंगावरचं दूध बंद कर."

अशा आईला नुसतं "काळजी करू नका" म्हणून भागत नाही. तिला नीट समजावून सांगावं लागतं. ओ गटाच्या रक्तात ए आणि बी गटांविरुद्धच्या अँटिबॉडी मुळातच असतात. त्यांतल्या काही वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. त्यातून बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, वाढतं आणि नवजात बाळाच्या कोवळ्या यकृताला त्याचा निचरा झेपत नाही. आईनं गरोदरपणात काय खाल्लं, काय केलं, याचा इथे काडीचाही संबंध नाही. शिवाय ओ गटाच्या आईच्या ए किंवा बी गटाच्या बहुतेक बाळांना गंभीर कावीळ होतही नाही.

"पण मी तर पॉझिटिव्ह आहे, मग हे कसं?" हा गोंधळ मला सतत भेटतो. आरएचचा, म्हणजे रक्तगटातल्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा, प्रश्न वेगळा. त्यात आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असतं, पहिलं बाळ सहसा सुटतं, आणि २८व्या आठवड्याला व प्रसूतीनंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन देऊन पुढचा धोका टाळता येतो. ओ गटाच्या बाबतीत असं इंजेक्शन नाही, आणि त्रास पहिल्याच बाळाला होऊ शकतो.

दूध मात्र अजिबात तोडायचं नाही, हे मी तिच्या घरच्यांनाही बसवून सांगितलं. दिवसभरात ८ ते १२ वेळा पाजलं की शीवाटे बिलिरुबिन बाहेर पडतं. कोवळं ऊन हा फोटोथेरपीला, म्हणजे त्या निळ्या दिव्याच्या उपचाराला, पर्याय नाही. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, कर्कश रडू लागलं किंवा पाठ ताणू लागलं, तर तडक दवाखाना गाठायचा, कारण फार वाढलेलं बिलिरुबिन मेंदूला इजा करतं. घरी गेल्यावरही डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला तपासणी चुकवायची नाही. पेशी फुटत राहिल्या तर पुढच्या काही आठवड्यांत हिमोग्लोबिन उतरू शकतं.

जाता जाता तिनं पुढच्या बाळाचं विचारलं. पुन्हा होऊ शकतं, मी स्पष्टच सांगितलं. तेव्हा प्रसूतीआधीच डॉक्टरांना ही हकिकत सांगायची, म्हणजे बाळाचं बिलिरुबिन पहिल्या दिवसापासूनच तपासलं जाईल.