गोलकृमीत अंडपेशी-शुक्रपेशी बनताना डीएनए तुटल्याशिवाय गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात का? आणि जोडीदार ओळखतो कोण?

जुळतात. यीस्टमध्ये आधी डीएनए तुटतो, मग जोड्या जुळतात, तेवढं शिकवून 'सगळीकडे असंच' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

२००८ साली सोलापुरात एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मी हेच सांगत होते. सी. एलिगन्स या गोलकृमीत स्पो-११ जनुक निकामी केलं, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइमच गेलं, तरी सजातीय, म्हणजे एकाच जोडीतली, गुणसूत्रं शेजारी येतात, पार चिकटतात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "आधी ब्रेक, मग पेअरिंग. पुस्तक वाचत जा." हेच दाखवणाऱ्या १९९८च्या शोधनिबंधाची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती, पेन्सिलीच्या रेघा मारलेली. काढायचं धाडस झालं नाही. ते अजून सलतं.

त्या संध्याकाळी अशोक चौकाकडे वडिलांच्या कारखान्यात गेले. ते यंत्रमागावर नवा बीम सांधत बसले होते. जुन्या धाग्याचं टोक, नव्याचं टोक, चिमटीत धरून पीळ, की पुढचा. अख्खा धागा कुणी तपासत नाही, टोक हाती लागलं की काम होतं. गोलकृमीतही असंच! प्रत्येक गुणसूत्राच्या एका टोकाजवळ जोडणी-केंद्र असतं. एक्स गुणसूत्रावर हिम-८ प्रथिन बसतं, दुसऱ्या-तिसऱ्यावर झिम-१, पाचव्यावर झिम-२, पहिल्या-चौथ्यावर झिम-३. ती टोकं केंद्रकाच्या पटलाला लागतात, सन-१ आणि झिग-१२ ही प्रथिनं पटलाच्या आरपार दुवा धरतात आणि बाहेरून डायनीन हे ओढकाम करणारं प्रथिन ओढतं. टोकं फिरत राहतात, भेटतात.

हिम-८ बिघडलं तर फक्त एक्स सुटे राहतात. पक्व अंडपेशीत सहा जोड्यांचे डीएनएचे सहा ठिपके दिसायचे, त्याऐवजी सात दिसतात, आणि एकच एक्स मिळालेला कृमी नर होत असल्यामुळे एरवी हजारात एखाददुसरा असणारा नर सुमारे ३७ टक्क्यांवर जातो. सहा की सात, एवढं मोजता आलं तरी पुरावा हातात आला. कुणी दटावलंच तर "कुठल्या जीवात, सर?" असं तिथल्या तिथे विचारा, आणि झेरॉक्स टेबलावर ठेवा.

मात्र झिम-१ दोन वेगळ्या गुणसूत्रांवर बसतं, म्हणजे नुसत्या प्रथिनावरून जोडीदार ठरत नाही. आणि पारगतीसाठी, म्हणजे जोडीदारांत तुकड्यांची अदलाबदल व्हायला, डीएनए तुटावाच लागतो. स्पो-११ नसलेल्या कृमीत जोड्या जुळतात, पण पारगतीचा सांधा नसल्यामुळे शेवटी सुटतात आणि सहाच्या जागी बारा ठिपके दिसतात. यीस्ट आणि उंदरापुरतं परीक्षकांचं बरोबर होतं. फळमाशीच्या मादीत मात्र डीएनए न तुटताही गुणसूत्रं चिकटतात.